आपोआप पडणारा सडा

बायको गेली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि मूलबाळ नव्हतं. नागापूरच्या एका कारखान्यात मी वायरमन होतो. कारखान्यामागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर आम्ही हौसेनं बांधलं होतं, पुढे ओटा आणि ओट्यापुढे हातरुमालाएवढं अंगण. घरभरणीला ती म्हणाली होती की आता कुणाच्या वाड्यात भाडेकरू म्हणून मरायचं नाही. तेवढं मात्र तिचं खरं झालं.

दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. राजूरची माझी बहीण जाताना म्हणाली, "दादा, तू चल आमच्याकडे." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मग घरात मी आणि भिंती. लोक म्हणायचे, एकटा जीव सदाशिव, तुम्हाला काय काळजी. असं म्हणणाऱ्याच्या घरी बायको असते, हे मी पाहून ठेवलंय.

शेजारी एक मावशी राहायच्या. माहेर काष्टीचं, बोलणंही तिकडचंच. मालक कधीच वारले होते, मुलगा माझ्याच कारखान्यात पाळीवर जायचा, सून बाळंतपणाला म्हणून जी माहेरी गेली ती महिनोन्‌महिने तिकडेच होती. दोन घरांमध्ये तारेचं कुंपण, तेही वाकलेलं. सुतक फिटल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मला बाहेर पाण्याचा सपकारा ऐकू आला. दार उघडून बघतो तर मावशी बादली घेऊन माझ्या अंगणात सडा टाकतायत. उंबऱ्याशी चार ठिपक्यांची रांगोळीसुद्धा काढली होती.

"मावशी, कशाला त्रास घेता?"

"भाऊ, दार कोरडं ठिवू नये. लोकांना वाटतं घरात काय तरी झालंय."

खरंच होतं ते. आमच्या वस्तीत कुणाच्या दारात सकाळी सडा दिसला नाही की येणारी-जाणारी बाई थबकायची. एक तर सुतक, नाहीतर आजारपण. कुणाला सांगावं लागत नसे.

मावशी रोज यायला लागल्या. सडा झाला की बादली खाली ठेवून विचारायच्या, "चा झाला का? रातच्याला काय खाल्लं?" आता खरं सांगतो, त्या प्रश्नांचा मला राग यायचा. बाई वाईट नव्हती, प्रश्न वाईट नव्हता. पण कुणी मायेनं विचारलं की माझे डोळे भरून यायचे, आणि सकाळी सकाळी अंगणात उभं राहून पुरुषानं डोळे पुसणं मला मंजूर नव्हतं. शिवाय त्यांची कंबर दुखायची, वाकताना तोंडातून "आई गं" निघायचं. ते ऐकून मला आणखी ओशाळं वाटायचं.

वायरींचा नाद मला आधीपासून होताच. बायको असताना मी दाराला घंटी लावली होती, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "येणारं कोण आहे?" आता हाताला वेळच वेळ होता. जुन्या बाजारात मला एक विजेवर चालणारं घड्याळ मिळालं. कुठल्या तरी भट्टीवरचं असावं. त्याची तबकडी दिवसातून एकदा फिरायची आणि तबकडीला खुंट्या लावता यायच्या. खुंटी आली की कळ दाबली जायची. ते घड्याळ मी मधल्या खोलीत, भिंतीवर उंच बसवलं. पहिल्या खुंटीवर सकाळचा रेडिओ, दुसरीवर दिवेलागणीला ओट्यावरचा दिवा. संध्याकाळी पाळी संपवून मी वस्तीच्या वळणावर यायचो तेव्हा माझ्या ओट्यावर दिवा लागलेला दिसायचा. पहिले काही दिवस त्या उजेडानं पाय भरभर उचलले जायचे. कुलूप काढून आत गेलं की कळायचं, दिवा तर मीच लावलाय.

पण खरी करामत पुढची. ओट्याच्या कडेनं मी भोकं पाडलेला नळ बसवला, वर चौथऱ्यावर ड्रम ठेवला, आणि मध्ये विजेनं उघडणारी एक तोटी. सकाळी खुंटी आली की तोटी उघडायची आणि अंगणभर पाणी शिंपडलं जायचं. उंबऱ्यापुढे कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमची रांगोळी काढून घेतली. ड्रम तेवढा नळाला पाणी आलं की हातानं भरायचा. एकदा भरला की काही दिवस बघायला नको.

पहिल्या सकाळी मावशी बादली घेऊन आल्या आणि कुंपणापाशीच थांबल्या. पाणी आपोआप पडत होतं, आत रेडिओ लागला होता. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन, परीक्षेत पहिला आल्यासारखा उभा.

"बघा मावशी, आता तुमची कंबर सुटली."

त्यांनी बादली खाली टेकवली. "लई झ्याक हाय," म्हणाल्या. "पर ह्ये यंत्र इचारंल का, जेवला का म्हनून?"

"मावशी, विचारण्यासाठी नाही ते. सड्यासाठी आहे."

"बरं बरं," म्हणत त्या भरलेली बादली तशीच घेऊन परत गेल्या. पुढचे काही दिवस त्या सकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या, पाणी पडताना बघायच्या आणि आत जायच्या. मग तेही थांबलं. कारखान्यात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, दोघे-तिघे मुद्दाम घर बघायला आले. आले, बघितलं, चहा न घेता गेले. माणूस यंत्र बघायला येतो तेव्हा माणसाकडे बघत नाही. आणि मी? मला हवं होतं ते झालं होतं. सकाळी कुणी काही विचारत नव्हतं. कधी कधी अख्खा रविवार तोंडातून शब्द न निघता जायचा, आणि सोमवारी कारखान्याच्या फाटकात पहिला शब्द बोलताना आवाज घोगरा यायचा.

दिवाळी आली. कारखान्याला सुट्टी लागली, वस्ती निम्मी गावाकडे गेली. बहिणीनं बोलावलं होतं, मी निरोप पाठवला की काम आहे. कामही मीच काढलं. ड्रम हातानं भरावा लागतो हे मला खुपत होतं, तोही आपोआप भरेल अशी सोय करायची होती. त्याची वायर ओढायला मी मधल्या खोलीत स्टुलावर चढलो, स्टूल कललं, आणि मी शहाबादी फरशीवर असा आदळलो की मांडीत कडकन आवाज झाला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

पाय हलेना. मोरीतल्या बादलीपर्यंत मी कसाबसा सरपटलो, तेवढ्यानंच डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढच्या दाराला आतून कडी होती, आणि तिथवर जाणं शक्य नव्हतं. ओरडलो. बाहेर पोरांचे फटाके चालू होते. कोण ऐकणार?

दिवेलागणीला खटकन आवाज झाला आणि ओट्यावरचा दिवा लागला. सकाळी खटकन आवाज झाला आणि बाहेर सडा पडला, रेडिओ सुरू झाला. मी जमिनीवर पडून ते सगळं ऐकत होतो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटत असणार, काय सुखाचं घर आहे. दारी सडा, दारी रांगोळी, घरात भजन चालू.

त्याच सकाळी दारावर थाप पडली. "भाऊ, फराळाचं आनलंय." मावशीच होत्या. मी जीव खाऊन ओरडलो, "मावशी, दार तोडा." रेडिओवर टाळ-मृदंग रंगात आले होते. मी पुन्हा ओरडलो. रेडिओची कळ घड्याळात, घड्याळ भिंतीवर उंच, आणि मी खाली. स्वतःच्या हातांनी बसवलेली कळ, आणि तिथवर माझाच हात पोचेना. थाप पुन्हा पडली, मग थांबली. मावशींच्या वहाणांचा आवाज लांब गेला तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. मरणाचं भय होतंच. पण त्या गेल्या ह्याचं रडू जास्त होतं.

नंतर त्या मला म्हणाल्या, "रेडू चालला हुता. मला वाटलं, भाऊला आज मानूस नको असंल." मी त्यांना तसंच वाटायला लावलं होतं ना.

पुढचा दिवस मला नीट आठवत नाही. दिवा लागल्याचं आठवतं. सडा पडला, पण पाणी कमी ऐकू आलं. मग एका सकाळी खटकन आवाज झाला, नळातून नुसती फुसफुस आली आणि थांबली. ड्रम संपला होता. रेडिओ जोरात चालूच होता.

थोड्या वेळानं दाराचा कोयंडा उपटल्याचा आवाज आला. मावशींचा मुलगा पहार घेऊन आत आला आणि त्याच्यामागून मावशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदरानं माझं तोंड पुसलं.

"अंगन कोरडं दिसलं," एवढंच म्हणाल्या.

ती वायर पुरी जोडून झाल्यावर मी पडलो असतो तर ड्रम भरत राहिला असता, सडा पडत राहिला असता, आणि वास सुटेपर्यंत वस्तीनं माझ्या घराचं कौतुक केलं असतं. प्लॅस्टरमध्ये पाय घालून इस्पितळात पडलो होतो तेव्हा मी हेच घोळवत होतो. कुबडीवर घरी आलो आणि आधी ते घड्याळ उतरवून घेतलं. शेजारी पुन्हा बादली वाजली. मावशींनी मला काही विचारलं नाही, मीच म्हटलं, "चहा झाला मावशी. रात्री पिठलं खाल्लं." त्यांना इतकं हसू आलं की बादली हिंदकळली.

मग दुष्काळाचं साल आलं. नळ आटले, वस्तीत टँकर यायला लागला आणि घागरींच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. प्यायला पाणी नाही, तिथे सडा कोण टाकणार? गल्लीतली सगळी अंगणं कोरडी पडली. माझं कोरडं, मावशींचं कोरडं. कोरड्या दाराला आता काही अर्थच उरला नाही.

पहिल्याच कोरड्या सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "भाऊ, हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

"मंग झालं."

रोज तेवढंच. मी चहा उतरवायचो तेवढ्यात हाक यायची. हळूहळू मीही "हाय" म्हणायला लागलो. शहरातली जीभ माझी, पण तो शब्द तसाच बरा वाटायचा. दिवसभरात दुसरं कुणी बोललं नाही तरी चालायचं. मी आहे, हे एका माणसाला माहीत होतं.

उन्हाळ्यात एका सकाळी चहा उकळला, उतरवला, कपात ओतला. हाक आली नाही. मुलगा पहिल्या पाळीला गेलेला. वाटलं, टँकरवर गेल्या असतील, पण टँकरची वेळ नव्हती. चहावर साय धरली. मी कुंपणाशी गेलो.

"मावशी, हाय का?"

पुन्हा हाक मारली. रेडिओ बंद होता, फटाके नव्हते, गल्ली शांत होती. माझा आवाज नक्की आत गेला असणार. त्यांच्या दाराला आतून कडी होती. माझ्याच घरातली पहार आणून मी ती उपटली. त्या अंथरुणावर कुशीवर होत्या, झोपेतच गेल्या होत्या.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या पाण्यातला एक तांब्या बाजूला काढला आणि त्यांच्या अंगणात शिंपडला. बायका हसल्या, हसोत. रांगोळी मला येत नाही, चार ठिपके तेवढे ठेवले.

अजूनही सकाळी चहा उतरवला की माझ्या तोंडून "हाय" निघतं. कुणी विचारलेलं नसतं.