सर आणि बसचं दार

आमच्या ऐरोलीच्या स्टॉपवर बस खांबापाशी कधीच थांबत नाही, पुढेच जाते. म्हणून आम्ही सरांना मानतो. ते कुठल्याशा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. नाव मला अजून माहीत नाही. लांबून बस दिसली की ते डोळे बारीक करतात. "वेग बराच आहे, पण ब्रेक लागलाय. ऋण त्वरण! चला, पानटपरी." सर टपरीसमोर जाऊन उभे राहतात आणि रबाळ्याला कामाला जाणारे आम्ही सगळे त्यांच्या मागे. दार बरोबर तिथेच उघडतं.

मासे विकणारी मावशी तेवढी पाटी घेऊन खांबाशीच बसलेली असते. "सर, ती बस हाय, तुमचा विद्यार्थी नाय," असं रोज ऐकवते.

परवा बस चक्क खांबापाशी थांबली. मावशी ऐटीत चढली. मला लेटमार्क परवडणार नव्हता, मी खांबाकडे मागे धावलो आणि माझ्या पाठोपाठ सगळे. सर जागचे हलले नाहीत. "गणित बरोबर आहे, ड्रायव्हर चुकलाय," एवढंच म्हणाले.

टपरीसमोर उभ्या असलेल्या सरांना पाहून ड्रायव्हरला दया आली असावी. आम्ही खांबाशी पोचायच्या आतच त्याने बस आमच्या शेजारून पुढे नेली आणि दार थेट सरांसमोर उघडलं. सर शांतपणे चढले. आम्ही परत वळून टपरी गाठेपर्यंत बस निघालीसुद्धा.

खिडकीतून डोकं काढून सर ओरडले, "अहो, वेगाला दिशा पण असते!"