मागचा तुकडा पुन्हा

माझ्या सासऱ्यांच्या पायांना भिंगरी आहे. वय एक्क्याऐंशी, पण जेवताना दोनदा उठतील, गेटपर्यंत जाऊन येतील. बसलेच तर उजवा पाय हलत राहतो. "मामंजी, पाय हलवू नका, लक्ष्मी जाते," हे मी लग्न होऊन आल्यापासून सांगते आहे. ते म्हणतात, "आली होती कधी?"

मामंजी, म्हणजे वेंकटराव, हे तंजावूरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. पण कुणी विचारलं तर सांगतात, मी सिनेमात होतो. साठेक वर्षांपूर्वी तिरुवैयारुजवळ तंबूतला सिनेमा होता. तिथे जुने इंग्रजी चित्रपट तुकड्यातुकड्यांनी दाखवायचे, दर शनिवारी एक तुकडा. शेवटी नायकाची मोटार कड्यावरून खाली, आणि उरलेलं पुढच्या शनिवारी. इंग्रजी कुणाच्या बापाला कळणार? म्हणून पडद्याशेजारी माईक घेऊन तमिळमधून सगळं सांगायला एकोणीस वर्षांचे आमचे मामंजी.

आमच्या भागात डोंगर औषधालाही नाही, सगळी सपाट भातशेती. कडा लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो त्या कापडावर. आठवडाभर बायका नायकासाठी नवस बोलायच्या. आणि शनिवारी काय, तर मागचा तुकडा थोडा पुन्हा दाखवायचे, आणि या वेळी मोटार पडायच्या आधीच नायक दार उघडून उडी मारायचा. डोक्यावरची टोपीसुद्धा हलायची नाही. लोक भांडायला उठायचे, मागच्या वेळी हा उतरला नव्हता म्हणून. मामंजी शांतपणे माईकमध्ये सांगायचे, "उतरला होता. तुम्ही डोळे मिटले होते." आणि खरोखरच सगळ्यांनी मिटलेले असायचे, त्यामुळे प्रश्नच मिटायचा.

एकदा फिल्मच्या पेट्यांची अदलाबदल झाली. नायक आधी वाचला आणि पुढच्या शनिवारी पडला. मामंजींनी जाहीर केलं, हा धाकटा भाऊ. त्यानंतरच्या शनिवारी नायक हसत घोड्यावर बसला, तर एक म्हातारी उठून ओरडली, मेल्या, भावाचं सुतक तरी पाळ.

यंदा मामंजींच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. डॉक्टर म्हणाले, या वयात धोका आहे, पण नाही केलं तर दोन-तीन महिने. मामंजी हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात कुणाला चैन पडू दिलं नाही. चार दिवस मी धड झोपले नव्हते. त्या सकाळी इस्पितळात ते ट्रॉलीवर झोपायचे आणि पुन्हा उठायचे. आधी चष्मा, मग पाणी, मग तिसऱ्यांदा लघवी. मग ट्रॉली ढकलणाऱ्याला कड्याची गोष्ट. आतून हाका येत होत्या. माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, "आता जा हो एकदाचे."

आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत कुणी 'जातो' म्हणत नाही. भाजीला निघालेला माणूससुद्धा 'जाऊन येतो' म्हणतो, आणि दारातला 'जाऊन या' म्हणतो. शेजारच्या तमिळ घरांतही तेच. नुसतं 'गेला' हे मेलेल्याचं. माझा नवरा श्रीकर माझ्याकडे बघतच राहिला. मामंजी झोपले, आणि ट्रॉली आत गेली. दार बंद झालं.

मला बसवेना. बाकापासून नळापर्यंत आणि नळापासून बाकापर्यंत मी चालत राहिले. श्रीकर बस म्हणाला, त्याच्यावरच खेकसले. जिभेला हाड नसतं हेच खरं. त्यांचं काही झालं तर माझे तेवढे शब्दच त्यांच्याबरोबर जाणार होते.

पाच मिनिटांत दार उघडलं आणि ट्रॉली परत बाहेर. ढकलणारा वैतागून म्हणाला, "कवळी काढायची राहिली. सुनेच्याच हातात देणार म्हणतात."

मामंजींनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाले, "वासुकी, मागचा तुकडा पुन्हा. म्हण."

"मी तसं बोलायला नको होतं, मामंजी."

"तू बरोबरच बोललीस. श्रीकरने तेव्हा कान झाकले होते. म्हण लवकर, लोक खोळंबलेत."

मी म्हणाले, "जाऊन या, मामंजी."

"जाऊन येतो," म्हणाले, आणि ट्रॉली ढकलणाऱ्याला हाताने खूण केली, चालू कर म्हणून.

पाच तास मी रुमालात गुंडाळलेली कवळी मुठीत धरून फेऱ्या घातल्या. संध्याकाळी मला एकटीला आत सोडलं. नळ्या, यंत्रं, आणि मधे मामंजी. ऑपरेशन नीट झालंय, अजून शुद्ध यायचीय, असं सिस्टर म्हणाली. पण इतके स्वस्थ मी त्यांना बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना. मी पायथ्याशी उभी राहून चादरीकडे बघत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग उजव्या अंगठ्यापाशी चादर जराशी उचलली. पुन्हा उचलली. आणि पाय हलायला लागला.

"हलवा, मामंजी," मी म्हटलं, "हलवा तुम्ही."