डावा पाय आधी

स्कूटरवरून पडून माझा डावा पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी निम्मी झाली होती. मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात क्रेन चालवायचो. केबिन उंचावर, जायला लोखंडाची उभी शिडी. कारखान्याच्या डॉक्टरांनी दोन महिने दिले. तेवढ्या वेळात शिडी चढून दाखवायची, नाहीतर कायमचं स्टोअरमधल्या टेबलावर बसायचं. टेबल वाईट नव्हतं. पण वर केबिनमध्ये मी एकटा असायचो, आणि माणसांत बसून काम करणं मला जन्मात जमलेलं नाही.

व्यायाम साधा होता. एका पायावर जोर देऊन खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. मग दुसऱ्या पायाने तेच. त्यानंतर क्वार्टरच्या पायरीवर एकेका पायाने चढ-उतर. मी व्हरांड्यात हे करायचो आणि बायको मेथी निवडता निवडता मोजायची. शेजारचे कुंपणावरून विचारायचे, ओलंपिक कब है भाईसाब.

सुरुवात मी उजव्या पायाने करायचो. आमच्याकडे कुठलंही काम उजव्यानेच सुरू होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. उजव्याचे दहाचे वीस झाले, वीसचे तीस. मग धापा टाकत डाव्याचे सात-आठ उरकायचे. तीस आकडा ऐकून मी स्वतःवर खूश होतो.

दोन महिन्यांनी शिडीच्या मध्यावर डावा गुडघा लटलटायला लागला. मी हातांवर लोंबकळलो. खाली कारखान्यातली मंडळी उभी होती, कोणी हसलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला. डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला आणि तो शेवटचा असं बजावलं.

घरी येऊन मी डॉक्टरांना नावं ठेवली, शिडीला ठेवली. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, रोज मोजतेय मी," ती म्हणाली. "सगळी ताकद उजवा घेऊन जातो. डाव्याला मिळतं ते उरलंसुरलं."

मग आधी का नाही सांगितलंस, म्हणून मी तिच्यावर डाफरलो.

"काय सांगणार? लग्न होऊन या क्वार्टरमध्ये आले तेव्हा डावा पाय आत पडला, तर तुम्ही मला पिशव्यांसकट परत बाहेर काढलं होतंत."

मला ते आठवत होतं. त्या दिवशी सामान घेऊन आलेला टेम्पोवाला हसला होता, हेही आठवत होतं. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून डावा आधी, आणि डाव्याचे होतील तेवढेच उजव्याचे. सुरुवातीला आकडा आठवर आला. ती आठच मोजायची आणि मेथी निवडायची.

महिन्याने मी केबिनपर्यंत चढलो. वर पाय थरथरत होते, दोन्ही सारखेच. डॉक्टरांनी कागदावर सही केली.

संध्याकाळी घरी आलो तर ती दारातच उभी होती. मी डावा पाय आत टाकला. तिने खाली पाहिलं आणि मला आत येऊ दिलं.