साहेबाच्या बाणांची पाती

आखातात, सित्राच्या वर्कशॉपमध्ये मी टूलरूम सांभाळायचो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. साताऱ्याहून थोरल्या भावाचं पत्र आलं, वडिलांनी अंथरूण धरलंय, जमेल तितक्या लवकर ये. जमेल तितक्या! पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि रजेच्या फॉर्मवर सही करणारा माझा अमेरिकन साहेब स्वतःच महिनाभर गावी निघालेला. तो नसताना वर्कशॉप माझ्या गळ्यात. "मी आलो की तू जा," म्हणाला. झालं, अडकलो.

साहेबाला धनुष्यबाणाने हरणं मारायचा नाद. एका शुक्रवारी त्याने मला जनाबिया भागातल्या त्याच्या बंगल्यावर बोलावलं आणि बाणांना लावायची पाती टेबलावर मांडली. "तुला धार कळते. यातली कुठली नेऊ?" मनात आलं, चुलीत घाल तुझी पाती, आधी सही कर. तोंडाने म्हटलं, "बघतो, सर."

त्याचा जीव तीन पात्यांच्या चकचकीत टोकावर जडला होता. मी त्याला धनुष्य ओढून दाखवायला लावलं. खांदा दुखावलेला, त्यामुळे ताण कमी ठेवलेला. तीन पाती जखम रुंद करतात, पण आत शिरायला जोर लागतो. त्याच्या धनुष्यात तो कुठला? म्हणून मी दोन पात्यांचं साधं, टोकापासूनच कापत जाणारं निवडलं. हरीण जखमी होऊन पळालं की हा महाशय महिना संपला तरी त्याच्या मागे रानात फिरणार. पटकन पडलं तर लवकर परतेल, आणि मी सुटेन. माझं गणित एवढंच.

आठवडाभर शिफ्ट संपली की तेलाच्या दगडावर तसली बारा पाती घासत बसलो. धार लागली का बघायला हातावरचे केस काढायचे. डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. मेसमधली मंडळी हसायची, "काय रे, हाताचं जावळ काढलंस काय?" हसा लेको, तुमचा बाप नाही आजारी.

साहेब गेला. दुसऱ्याच आठवड्यात भावाची तार आली, प्रकृती गंभीर. मी ऑफिसात धावलो. हातापाया पडलो, मग ओरडलोही. क्लार्क बिचारा मान हलवत राहिला. "साहेबाची सही नाही, पासपोर्ट मफी." मफी म्हणजे तिथल्या अरबीत नाही.

चार दिवसांनी त्यानेच मला बोलावलं. साहेबाचा टेलेक्स होता. पाती अप्रतिम, पहिल्याच दिवशी हरीण पडलं, आता त्याच्या भावालाही शिकार करायची आहे, रजा पंधरा दिवस वाढवतोय. वर माझे आभार! आयला, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. तिथेच खुर्चीत बसलो आणि रडलो.

वडील गेल्याची तार त्यानंतर आठवड्याने आली.

साहेबाने आल्याआल्या सही केली, एका मिनिटाचं काम. घरी पोचलो तेव्हा तेरावाही उरकला होता. भाऊ दारातच म्हणाला, "रोज विचारायचे रे, त्याला सोडत का नाहीत? असं काय मोठं काम होतं तिथं?"

"होतं, दादा," मी म्हटलं.

काय काम होतं ते त्याला अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते.