निवृत्तीभाऊंचं अनुमोदन

पक्षाच्या नाशिक कार्यालयात ठराव कसलाही असो, खड्ड्यांचा निषेध की साहेबांचं अभिनंदन, सूचक बदलायचे. अनुमोदक मात्र कायम निवृत्तीभाऊ गांगुर्डे. पोस्टातले माजी कारकून, आवाज खणखणीत. "माझं अनुमोदन आहे!" म्हणत उठायचे आणि ते खाली बसेपर्यंत ठराव मंजूर. सव्वीस वर्षं हेच. बदल्यात काय मिळालं म्हणाल, तर एक समोसा आणि अर्धा कप चहा.

यंदा दिल्लीत राष्ट्रीय अधिवेशन होतं. नाशिकमधून एकच प्रतिनिधी जाणार होता. गळ्यात प्रतिनिधीचं कार्ड अडकवून एकदा तरी त्या मंडपात बसायचं, एवढीच भाऊंची हौस. अध्यक्ष शेखरराव खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या खेपेला तुम्हीच, भाऊ." झालं! चांगुणाबाईंनी नवऱ्याचा कोट ड्रायक्लीनला टाकला आणि अख्ख्या कॉलनीला सांगून मोकळ्या झाल्या.

निवडीच्या सभेला मुंबईहून निरीक्षक आले. चिटणीस प्रफुल्लने निवृत्तीभाऊंचं नाव सुचवलं.

"अनुमोदक?" निरीक्षकांनी विचारलं.

अहो, चाळीस माणसं बसली होती! पण शेखररावांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं, तसे सगळ्यांनाच आपापले मोबाइल आठवले. भाऊंचा जीव टांगणीला लागला. शेवटी न राहवून तेच उठले, "माझं अनुमोदन आहे!"

हशा पिकला. "स्वतःला नाही देता येत हो," निरीक्षक म्हणाले. नाव बारगळलं.

मग शेखररावांनी हळूच आपल्या पुतण्याचं, सनीचं नाव पुढे केलं.

"अनुमोदक?"

चाळीसच्या चाळीस माना सवयीने भाऊंकडे वळल्या. काय सांगू कपाळ! माणूस चिडला होता, डोळे भरून आले होते. पण लोंबकळलेला ठराव काही त्याला बघवेना. पाय आपसूक उभे राहिले.

"माझं... अनुमोदन आहे."

टाळ्या पडल्या. सनी एकमताने दिल्लीला.

घरी चांगुणाबाई प्रवासाचा चिवडा डब्यात भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सनीला तुम्ही दिलंत?"

"हो."

"आणि तुम्हाला कोणीच नाही?"

"नाही गं."

त्यांनी डबा दाणकन खाली ठेवला. "मग मला फोन करायला काय झालं होतं? सभासद वाढवायला दरवर्षी माझा फॉर्म भरून नेता ना? रिक्षा करून आले असते मी!"

सव्वीस वर्षांत हे भाऊंच्या डोक्यातच आलं नव्हतं.