बॉयलरकाकांचा काटकसरीचा हंगाम

रस्त्यावर पानं गळायला लागली की लोकांना काय काय सुचतं. कुणी फिरायला जातं, कुणी उगाच उसासे टाकतं. बॉयलरकाकांना काटकसर सुचायची, आणि मग थंडी संपेपर्यंत मावशींच्या डोक्याला ताप व्हायचा.

मावशी म्हणजे काकांची बायको. काकांची बायको मावशी कशी, हे त्या इमारतीत कुणी कधी विचारलं नाही. ते इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचे म्हणून बॉयलरकाका. त्या घरी शिलाईकाम करायच्या आणि पोराटोरांच्या फाटक्या खिशांना फुकट टाके घालून द्यायच्या म्हणून मावशी. नोकरीत काकांनी जन्मभर एकच काम केलं. वाफ कुठून निसटते ते शोधायचं आणि ती जागा बंद करायची. निवृत्त झाल्यावर बॉयलर तिथेच राहिला, शोध मात्र घरी आला.

यंदा तर कहर झाला होता. चहा सकाळी एकदाच व्हायचा आणि दिवसभर थर्मासात बसायचा. संध्याकाळच्या कपाला थर्मासाच्या झाकणाची चव. भांड्याला उकळी आली की गॅस बंद आणि वर घोंगडी. आत भाजी शिजतेय की झोपलीय, ते देव जाणे. माणूस खोलीतून उठला की दिवा बंद, आणि काका इतके तत्पर की कधी कधी माणूस उठायच्या आधीच. रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन मीटर बघायला जायचे आणि आजारी माणसाचा ताप मोजून आल्यासारखा चेहरा करून परतायचे. शिलाई मशीनवरचा दिवासुद्धा त्यांनी सोडला नाही. बदलून असला बारीक बसवला की त्याच्या उजेडात मावशींना सुई दिसायची, तिचं नेढं दिसायचं नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, असं काका उठता बसता ऐकवायचे. मग त्या तळ्यात मलाच बुडवा एकदा, असं मावशींच्या अगदी ओठांवर यायचं. पण त्या गिळायच्या, कारण हे सगळं कुणासाठी चाललंय ते त्यांना ठाऊक होतं.

लेक लांब राहायची. गेल्या थंडीत बाळाला घेऊन महिनाभर राहते म्हणून आली आणि चार दिवसांत बॅग भरून निघून गेली. मागची खोली फार गार पडते, बाळाला सोसत नाही, असं जाताना म्हणाली. काकांनी ते जिवाला लावून घेतलं. यंदा येशील का विचारलं, तर ती म्हणाली, बघते. त्या एका ‘बघते’वर दोघं दिवस काढत होते. खोलीत हीटर सतत चालू ठेवायचा तर बिल दणदणीत येणार, तेव्हा आतापासून साठवा, हा काकांचा हिशेब. मावशींचा हिशेब निराळा. साठवून किती साठवणार, त्यापेक्षा चार पैसे जास्त मिळवावेत. शिलाईच्या दुकानाची मालकीणबाई यंदा थंडीचे कोट बाहेर शिवायला देणार होती. नमुन्याचा एक कोट मनासारखा उतरला की हंगामभर काम. मावशींनी तो कोट बेतला, कापला, जोडला. राहिल्या होत्या फक्त बाह्या. पण त्या मेल्या दिव्यात गडद कापडावर गडद दोरा दिसेना. म्हणून त्यांनी बाह्यांचे तुकडे गुंडाळले आणि सकाळच्या उजेडात शिवू म्हणून मशीनखाली ठेवले. शेजारीच कातरणाची पिशवी होती.

सकाळी बाह्या गायब. मावशींनी घर उलथंपालथं केलं. काकाही शोधू लागले, कपाटामागे बॅटरी मारून, दिवा न लावता. मावशी आपल्याच विसराळूपणाला शिव्या घालत मागच्या खोलीत गेल्या आणि खिडकीपाशी थबकल्या. खिडकीच्या सगळ्या फटी बुजवलेल्या होत्या. गडद कापडाच्या पट्ट्या, एकसारख्या रुंदीच्या, सुरीच्या पाठीने चेपून बसवलेल्या. इतकं सुबक काम दुकानातसुद्धा होत नाही. एका पट्टीवर मावशींच्या खडूची रेघ अजून तशीच होती.

मावशी खाटेवर बसल्या. मागोमाग काका आले आणि खिडकीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. काल संध्याकाळी त्यांना ते कातरणच वाटलं होतं. अंधारात नीट दिसलं नाही, असं ते पुटपुटले.

“अंधार केला कुणी?” मावशी म्हणाल्या. “दरवाजा मोकळा आणि मोरीला बोळा, असला तुमचा संसार.”

काकांनी चूक कबूल केली, पण जुनी खोड जाते कुठे. खोलीत आता वारा येत नाही हे तरी बघ, असं म्हणून त्यांनी खिडकीला हात लावून दाखवला. बाळाला थंडी वाजायची नाही म्हणाले.

“ती थंडीमुळे गेलीच नव्हती,” मावशी म्हणाल्या. “तुमच्यामुळे गेली.”

वर्षभर दाबून ठेवलेलं एकदा सुटलं म्हटल्यावर मग सगळंच बाहेर आलं. लेक रात्री बाळाला पाजायला बसायची आणि काका उठून दिवा बंद करायचे. त्यात दुष्टपणा नव्हता. रात्री दिवा दिसला म्हणजे कुणीतरी विसरलंय, एवढंच त्यांच्या डोक्यात. ती पुन्हा लावायची, हे पुन्हा बंद करायचे. शेवटच्या रात्री तिने लावलाच नाही. अंधारात बाळाला पाजलं, रडली आणि सकाळी बॅग भरली. बापाला लागू नये म्हणून थंडीचं निमित्त केलं आणि आईला शपथ घातली.

काकांनी खिडकीवरचा हात काढून घेतला. त्यांनी वाद घातला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. भाजीला उकळी आली तरी ते भांड्यावर घोंगडी टाकायला उठले नाहीत. मावशींना त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा.

दुपारनंतर त्या दुकानात गेल्या. मालकीणबाईने ऐकून घेतलं, बाह्यांचं कापड मजुरीतून वळतं केलं आणि पुढच्या कोटांचं नंतर बघू म्हणाली. हे ‘बघू’ काही त्यांना बरं वाटलं नाही. काकांनी महिनाभर झाकून, विझवून, बुजवून जे वाचवलं ते एका फटक्यात पाण्यात गेलं, असं मनाशी घोकत त्या कापडाची पुडी घेऊन परतल्या.

दिवेलागण झाली होती. रस्त्यावरूनच त्यांना मागच्या खोलीची खिडकी उजळलेली दिसली. त्या खोलीत या वेळी कुणी नसायचं. मावशी वैतागल्या, लगबगीने वर गेल्या, चपला काढल्या आणि थेट त्या खोलीच्या बटणावर हात ठेवला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तो असा.

खाटेवर काका बसले होते. हातात वर्तमानपत्र नाही, काही नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले आणि नजर वर, दिव्याकडे.

“राहू दे,” ते म्हणाले. “सवय करतोय.”