माटोळीसाठी जागा

बेळगाव मागे पडलं आणि चोर्ला घाटाच्या पहिल्याच वळणावर सुरेशरावांनी एसी बंद करून काच खाली घेतली. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. उकाडा असा, की कुणाही नाशिककरानं गाडी वळवून सरळ घर गाठावं. आमचे हे मात्र डोळे बारीक करून लांब श्वास घेत होते. "गावचा वास आला का?" त्यांनी विचारलं. मला तापलेल्या ब्रेकचा वास येत होता, तसं मी सांगितलंही. पुढची चार वळणं ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरानं हे कारखान्याच्या देखभाल खात्यातून. कारापूर हे यांचं गाव, साखळीच्या अगदी जवळ. तिथं वाटणीच्या जागेत यांनी पूर्वीच एक लहानसं चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर बांधून ठेवलं होतं. त्यातले भाडेकरू गेले. आता चार महिने राहून घर नीटनेटकं करायचं आणि अधूनमधून गोवा बघायचा, असं ठरलं होतं. गोवा बघायचा हा भाग माझा. लग्नाला अडतीस वर्षं होऊनही मी गोव्यात चतुर्थीचा गणपती आणि सासरचं स्वयंपाकघर यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

घर नीट करण्यामागे यांचा आणखी एक हेतू होता. घराण्याचा गणपती माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे बसतो. सगळे त्यांना वयनी म्हणतात. दीर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा मस्कतला, आणि वयनींचे गुडघे आता ऐकत नाहीत. गेल्या चतुर्थीला त्यांनी सांगूनच टाकलं होतं, "फुडल्या वर्सा म्हज्यान जावपाचें ना." (पुढच्या वर्षी मला जमायचं नाही.) गणपती एकतर आमच्या घरी यायचा, नाहीतर पेडण्याच्या चुलत घराण्याच्या गणपतीत मिळवायचा. निर्णय वयनींचा. सुरेशराव तोंडानं काही बोलले नाहीत, पण गणपती आपल्या घरी यावा म्हणून त्यांचा जीव किती तुटत होता ते मला दिसत होतं. इतकी वर्षं ते स्वतःच्याच घरच्या गणपतीला पाहुण्यासारखे येत होते.

कारापूरला पोचलो तर वयनी आमच्या दारात उभ्या. "आयलीं? बरें जालें. पयलीं उदक पियात, मागीर उलोवया," म्हणाल्या. (आधी पाणी प्या, मग बोलू.) त्यांचं घर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि तेवढं चालायला त्यांना अर्धा तास लागला होता.

दुसऱ्या दिवसापासून घराचं काम सुरू झालं. बसवराज हा बेळगावकडचा गवंडी. गवंडीकाम, रंगकाम, पीओपी, सगळं त्याच्याकडेच. सुरेशरावांनी निवृत्तीनंतरचा सगळा उत्साह त्याच्या मागे लावला. स्वयंपाकघराचा ओटा उंच केला, न्हाणीघराला नवी फरशी आली, विहिरीला पंप बसला. हॉलमध्ये तर यांनी नाशिकच्या आमच्या शेजाऱ्यांवर मात करायचं ठरवलं. वरचे वाशे आणि कौलं झाकून पीओपीचं पांढरंशुभ्र छत, कडेनं लपवलेले दिवे. "कोळिष्टकं नकोत आणि पालीही नकोत," हे म्हणाले. मलाही ते पटलं. पाली मला चालत नाहीत.

छताच्या धुळीत राहणं अशक्य झालं तेव्हा आम्ही दोन दिवस मांद्र्याला गेलो. समुद्र तेव्हा खवळलेला, कोणी पाण्यात उतरत नव्हतं. किनाऱ्याआधी एक खाडी लागते, तिच्यावर लाकडी साकव आहे. साकवावरून जायचं सोडून सुरेशराव खाडीतून चालत निघाले आणि एक चप्पल गाळात ठेवून आले. उरलेली चप्पल हातात घेऊन ते एका खाणावळीत शिरले. मालकीणबाई न हसता आत गेल्या आणि नवऱ्याच्या रबरी स्लिपर घेऊन आल्या. मग बांगड्याचं हुमण (आमटी), उकडा भात आणि तव्यावर गरम केलेला पोयो (कोंड्याचा पाव) असं जेवण झालं. इतकं चवीचं जेवण मी कित्येक दिवसांत जेवले नव्हते. जेवताना यांनी बाईंना छताची सगळी हकीकत ऐकवली, कुठला दिवा कुठं आहे त्यासकट. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी भात वाढला.

जुलैमध्ये घर तयार झालं. पाऊस धो धो कोसळत होता. नागपंचमीच्या आधी मूर्तीचा पाट चित्रशाळेत (गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथं) द्यावा लागतो, म्हणून त्याआधी वयनींना घर दाखवायला बोलावलं. सुरेशराव त्यांना रिक्षातून घेऊन आले. वयनींनी ओटा हातानं चाचपला, पंपाचं पाणी पाहिलं, "बरें केलां गो," असं मला म्हणाल्या. मग हॉल. यांनी ऐटीत बटण दाबलं, लपवलेले दिवे लागले. वयनींनी मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"सुरेश, माटोळी खंय बांदपाची?" (माटोळी कुठं बांधायची?)

नाशिकच्या वाचकांसाठी सांगते. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, नारळ, सुपारीचे घोस बांधतात. ती माटोळी. छताच्या वाशांना टांगलेलं ते अख्खं रान गणपतीवर झुलत असतं. माटोळीशिवाय इथं गणपती बसत नाही. आमच्या घरातला एकही वासा आता दिसत नव्हता.

सुरेशरावांनी कोपऱ्यात रंगाचे डबे आवरणाऱ्या बसवराजकडे पाहिलं. "हुक बसवता येईल ना?"

"सायेब, पीओपी स्वतःचं वजन धरतंय तेच लई झालं," तो म्हणाला. "नारळ टांगला तर छत खाली येतंय, देवाच्या डोक्यावर."

वयनी काही रागावल्या नाहीत. पदर सावरत "पळोवया" एवढंच म्हणाल्या. पळोवया म्हणजे बघू. मी शाळेत आयुष्य काढलं, मुलांना 'बघू' कधी म्हणायचं ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्यानंतर दोन दिवस सुरेशराव सोप्यावर (ओसरीवर) बसून पावसाकडे पाहत राहिले. छत पाडायची गोष्ट मी काढली तर म्हणाले, "प्रश्न छताचा नाही. मी विसरलो कसा? लहानपणी माटोळीसाठी मी झाडावर चढायचो गं." मग हळूहळू बोलले. नोकरीमुळे ते चतुर्थीच्या सकाळी पोचायचे. माटोळी आदल्या दिवशीच बांधून झालेली असायची. अडतीस वर्षं त्यांनी माटोळी पाहिली ती बांधून झालेलीच, बांधताना कधी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना ओढून नार्व्याला नेलं. पावसानं उघडीप दिली होती. सप्तकोटेश्वराचं देऊळ उंच झाडांच्या सावलीत, आत गारवा, अंगणात दीपमाळ. दर्शन घेतलं आणि नदीच्या बाजूला शेतांमधून चालत गेलो. परतताना सर आली म्हणून एका घराच्या सोप्यावर चढलो. तिथं एक आजोबा भिजवलेल्या सालींचे पट्टे काढत बसले होते.

"मुंबयचे?" त्यांनी विचारलं.

"नाशिकचे," मी म्हणाले.

सुरेशराव सालींकडे पाहत होते. "केवण?" त्यांनी विचारलं. (या रानझाडाच्या सालीचा दोर वळतात.)

"केवणच. माटोळी बांदपाक." आजोबांनी एक पट्टा पुढे केला. यांनी तो घेतला, खाली मांडी घातली, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि दोर वळायला लागले. संसारात मी यांना कितीतरी वस्तू दुरुस्त करताना पाहिलं आहे, पण हे कधीच पाहिलं नव्हतं. पीळ सारखा, घट्ट, हात कुठं अडत नव्हता. आजोबांनी दोर ओढून पाहिला.

"नाशकाचे न्हय तुमी," ते म्हणाले. "तुमी हांगचेच!" (तुम्ही इथलेच!)

सुरेशरावांनी मान खाली घातली ती दोर पुरा होईपर्यंत वर केली नाही. तोवर सर थांबली होती. गाडीत बसल्यावर म्हणाले, "उद्या बसवराजला बोलाव."

आठ दिवस लावून केलेलं छत अर्ध्या दिवसात खाली आलं. बसवराजला हळहळ वाटत होती, पण पहिला हातोडा हातात घ्यायचा मान यांनी कोणाला दिला नाही. वाशे पुन्हा दिसले. हॉल काळपट आणि उंच झाला. दिव्यांच्या वायरी भिंतीतून लोंबत राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या डोक्यावर पाल हजर झाली. मी वयनींना निरोप धाडला नाही, यांनीही नाही; छत उतरल्याची बातमी गावात आपोआप फिरतच होती. वाट पाहायची, एवढंच हातात होतं. पेडण्याहून चुलत दिरांचा वयनींना फोन येऊन गेल्याचं कानावर आलं तेव्हा मला वाटलं, गेला गणपती.

नागपंचमीच्या आधी तीन दिवस दारात टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी वयनी, मांडीवर पिशवी. मागे एक मोठी लाकडी चौकट, धुरानं आणि तेलानं काळी पडलेली. सुरेशराव पायात काही न घालता बाहेर धावले.

"म्हजी माटोळी हाडल्या," वयनी उतरता उतरता म्हणाल्या. "ही बांद. नवी नाका." (माझी माटोळी आणलीय. हीच बांध, नवी नको.) मग पिशवीतून गणपतीचा पाट काढून त्यांनी यांच्या हातात दिला. "फाल्यां साळेंत व्हर." (उद्या चित्रशाळेत ने.)

चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात गेलो. कांगलांचे लाल घोस, तोरंजनं, आंबाडे, सुपारीचे झुपके, आणि मला नावंही न येणाऱ्या कितीतरी रानफळांचे ढीग. मी एक छान लालभडक कवंडळ उचललं तर वयनी म्हणाल्या, "तें नाका, फाल्यां फुटतलें." (ते नको, उद्या फुटेल.) त्यानंतर मी फक्त पिशव्या धरल्या. सुरेशराव एकेका ढिगापाशी थांबून नाव सांगत होते, आणि चुकलं की वयनी मागून दुरुस्त करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माटोळी बांधली. हे शिडीवर, वयनी खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. मी त्यांना चहा दिला आणि न राहवून विचारलं, तिकडच्या घरी आज कसं वाटलं.

"सकाळीं झाडूंक गेल्लीं. वयर पळयलें," त्या म्हणाल्या. (झाडायला गेले, वर पाहिलं.) "मागीर दार ओडलें आनी हांगा आयलीं." (मग दार ओढलं आणि इथं आले.)

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण नजर यांच्यावर ठेवूनच म्हणाल्या, "सुरेश, तो नाल्ल सकयल आयला." (नारळ खाली आलाय.) दीड दिवस आमच्या घरात गणपती बसला आणि त्या दीड दिवसात वयनींनी मला एकदाही पाहुणी म्हणून बसू दिलं नाही.

सप्टेंबर सरता सरता आम्ही नाशिकला निघालो, तिथलं घर आवरायला. दरवर्षी निघताना वयनी गाडीची डिकी भरून देत. सोललेले नारळ, आमसुलं, पोहे, फणसाची साठं, नको नको म्हटलं तरी आणखी एक पिशवी. या वेळी त्या गाडीपाशी आल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी पोलक्यातून कागदाची एक घडी काढली आणि खिडकीतून यांच्याकडे दिली.

पेन्सिलीनं लिहिलेली यादी होती. सुके कांदे दहा किलो. मनुका. तांब्याचं मोठं तामण. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'येताना विसरू नये.'

सुरेशरावांनी ती दोनदा वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि घाट चढून जाईपर्यंत दर थोड्या वेळानं खिशाला हात लावून ती आहे ना ते पाहत राहिले.